शेवटचे तीन किलो

हे लिहायचं नाही, असं प्रज्योतनं जवळजवळ ठरवलंच होतं. लिहून काय होणार? जे वर अडकलंय ते लिहिल्यानं सुटत नाही. दोनदा त्यानं सुरुवात केली, 'मी' म्हणून, आणि दोन्ही वेळा चौथ्या-पाचव्या ओळीला त्याच्या लक्षात आलं की बोटं हळूच स्वतःला सोडवायला लागलीत. 'मला तेव्हा माहीत नव्हतं.' 'मला कुणी सांगितलंच नाही.' शी! सगळं पुसलं. मग ठरवलं, प्रज्योत मेटकरी नावाचा एक माणूस आहे, त्यानं काय केलं तेवढं सांगायचं. त्याची बाजू घ्यायची नाही.

तर हा प्रज्योत. वय सत्तावीस. शिक्षण बारावी, तेही रडतखडत. आटपाडीच्या पुढं माळावर जे उपग्रह नियंत्रण केंद्र आहे ना, मोठमोठ्या पांढऱ्या डिशांचं, तिथं तो आधी डिशांच्या नटबोल्टला ग्रीस लावायला लागला होता. केंद्र तिथंच का, तर तिथं पाऊस पडत नाही. ढगातलं पाणी सिग्नल खातं. गावाला ज्या गोष्टीनं पिढ्यान्‌पिढ्या रडवलं, तिच्याच जोरावर गावात एसी इमारत आली.

त्याच केंद्रात निलोफर अत्तार होती. विट्याची. रीतसर इंजिनिअर. जेवणाच्या सुट्टीत ग्रीसच्या हातानं पोरगा कक्षांची गणितं वाचत बसलेला तिनं बघितला, आणि स्वतःचा लायब्ररीचा पासवर्ड त्याला देऊन टाकला. पुढची चार वर्षं प्रज्योत जे काही शिकला ते त्या पासवर्डवर. परवाना परीक्षेला तो बसला तेव्हा फॉर्मवर 'शिफारस' या रकान्यात तिचंच नाव होतं.

आता थोडं विज्ञान, कारण त्याशिवाय पुढची घाण कळणार नाही.

छत्तीस हजार किलोमीटर वर गेलं की एक मजेशीर जागा येते. तिथं फिरणाऱ्या वस्तूला पृथ्वीभोवती एक फेरी मारायला बरोबर एक दिवस लागतो. पृथ्वीलाही स्वतःभोवती फिरायला एकच दिवस. दोघं एकाच चालीनं चालले, म्हणजे खालून बघणाऱ्याला वाटतं उपग्रह खिळ्याला टांगलाय. म्हणून तर घरावरची डिश एकदा फिरवून घट्ट केली की झालं. पण खिळा-बिळा काही नसतो. सूर्य आणि चंद्र त्याला ओढतात, त्यामुळं त्याची वाट हळूहळू तिरकी होते, आणि खालून तो रोज आकाशात इंग्रजी आठ काढायला लागतो. पृथ्वीचं पोटही नीट गोल नाही, त्यामुळं तो पूर्वेला नाहीतर पश्चिमेला घरंगळतो. उन्हाचासुद्धा धक्का बसतो, अगदी बारीक, पण रोजचा. म्हणून दर पंधरा दिवसांनी खालून हुकूम सोडायचा, वर बारकी इंजिनं काही सेकंद फुर्र करायची, आणि त्याला परत जागेवर बसवायचा.

हे फुर्र करायला इंधन लागतं. उपग्रहाचं आयुष्य म्हणजे हे इंधन. पंधरा-सोळा वर्षांनी त्याचे सौरपंख ठणठणीत असतात, यंत्रं शाबूत असतात, पण टाकी कोरडी होत आलेली असते. उपग्रह म्हातारे होऊन मरत नाहीत. तहानेनं मरतात.

आणि मरताना त्यांनी वाटेतून बाजूला व्हायचं असतं. शेवटचं सहा किलो इंधन राखून ठेवायचं आणि त्यावर तीनशे किलोमीटर वर चढायचं, स्मशानकक्षेत. तिथं कुणाचं जाणं-येणं नाही. सहा किलो म्हणजे जागेवर बसून राहण्याचे अडीच-तीन महिने. म्हणजे प्रत्येक मालकाला शेवटी एकच मोह होतो. अजून तीन महिने वापरू की. मेल्यावर कोण बघतंय?

म्हणून कायदा झाला. प्रत्येक उपग्रहामागं एका माणसाचं नाव. त्याला वर नेऊन ठेवायची जबाबदारी त्या माणसाची, परवान्यासकट. कागदावर त्याला 'उत्तरदायी अधिकारी' म्हणतात. केंद्रात सगळे खांदेकरी म्हणायचे.

निलोफर टिटवी-२ ची खांदेकरी होती.

टिटवी म्हणजे मच्छीमारांच्या होड्यांना आणि डोंगरातल्या वस्त्यांना वादळाचा, दरडीचा इशारा देणारा उपग्रह. सोळा वर्षं इमानानं ओरडला. नवी टिटवी-३ आधीच वर जाऊन जागेवर बसली होती, त्यामुळं टिटवी-२ ला आता निरोप द्यायचा होता. निलोफरच्या वहीत सहा किलो शिल्लक. आता ही वही कशी भरली जाते ते प्रज्योतला तिनंच दाखवलं होतं.

"इंजिन एक्केचाळीस पूर्णांक दोन सेकंद चाललं. किती लिहायचं?"

"एक्केचाळीस पूर्णांक दोन."

"बेचाळीस लिहायचं."

"खोटं?"

"खोटं न्हाय रे. मूठ." निलोफर हसली. "ज्यानं त्यानं आपापल्या पाळीत एकेक चिमूट ठेवायची. मालक कधी ना कधी हावरटपणा करतोच. वहीत सहा दिसले की थांबतो. टाकीत खरे नऊ असतात. मूठमातीची मूठ म्हणतात तिला. घोरपडे अण्णांनी मला शिकवलं, त्यांना त्यांच्या साहेबांनी."

"पण तीनच किलो का? दोन का नाही?"

"अण्णांनी सांगितलं तीनच्या वर ठेव, मी ठेवते."

प्रज्योतला हे अजिबात पटलं नाही. चार वर्षं रक्त आटवून शिकलेल्या माणसाला 'सांगितलं म्हणून' या शब्दांची चीड असते. त्याच्या मते हा निव्वळ अडाणीपणा होता, इंजिनिअर लोकांचा अडाणीपणा. तो नाही का, लिंबू-मिरची बांधून रॉकेट सोडणाऱ्यातला.

टाकीत नक्की किती उरलंय हे कुणालाच नीट माहीत नसतं, हे खरं होतं. वजनकाटा चालत नाही, कारण तिथं वजनच नाही. काडी बुडवून बघता येत नाही. वहीवरून अंदाज, नाहीतर दाबावरून अंदाज, आणि दोन्हींत आठ-आठ किलोंचा घोळ.

एका रविवारी प्रज्योतच्या खोलीवर गॅस संपत आला होता. शेजारच्या मावशींनी ओलं फडकं आणून सिलिंडरवरून फिरवलं. वरचा भाग चटकन सुकला, खालचा ओला राहिला. "हितवर गॅस हाय बघ," मावशी म्हणाल्या आणि भाकरी थापायला निघून गेल्या. प्रज्योत सिलिंडरपुढं उकिडवा बसून राहिला. भरलेली जागा हळू तापते, रिकामी पटकन तापते.

तापवून इंधन मोजायची कल्पना जगात नवी नव्हती, पण ती ढोबळ होती. प्रज्योतनं तिला धार लावली. टाकीवरचे छोटे हीटर एका विशिष्ट तालात चालू-बंद करायचे, टाकीच्या चौदा जागांचं तापमान दर सेकंदाला घ्यायचं, आणि त्यावरून आत किती इंधन आहे ते काढायचं. आठ महिने लागले. घोळ आठ किलोंवरून दोनशे ग्रॅमवर आला.

केंद्रात पेढे वाटले गेले. 'व्योमसेवा' नावाच्या कंपनीनं त्याला तिप्पट पगारावर उचललं. तिथले राजवर्धन सर त्याच्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांना सांगायचे, "बारावी पास! बघा आणि लाजा!" आणि प्रज्योत पाघळायचा. हे मान्य करायलाच हवं. शाबासकी मिळाली की हा माणूस उन्हातल्या लोण्यासारखा होतो.

व्योमसेवेकडं एक यान होतं. कंपनीच्या कागदांवर त्याचं नाव फार सुंदर होतं, संस्कृतातलं. केंद्रात सगळे त्याला गोचीड म्हणायचे. म्हाताऱ्या उपग्रहाला जाऊन चिकटायचं, त्याच्या टाकीच्या तोंडाला नळी लावायची आणि त्याला इंधन पाजायचं, यासाठी ते बनवलेलं. मूळ कल्पना चांगलीच होती. पण इंधन जमिनीवरून वर न्यायला भयंकर महाग. आणि नळीतून जसं देता येतं तसं घेताही येतं.

प्रज्योतच्या पद्धतीनं पहिल्याच वर्षी अकरा निवृत्त होऊ घातलेले उपग्रह मोजले गेले. अकराच्या अकरा टाक्यांत वहीपेक्षा जास्त माल. जास्तीचा काढून घेतला, दुसऱ्या तरण्या उपग्रहांना पाजला. अकरांपैकी एकही अजून स्मशानाकडं निघाला नव्हता, ते सगळे आपले शेवटचे वर्ष-सहा महिने तिरकी फेरी मारत बसले होते. त्यामुळं चूक कुठं दिसलीच नाही.

बारावा नंबर टिटवीचा.

टिटवीचा करार झाला त्या दुपारी राजवर्धन सरांनी आटपाडी रोडच्या ढाब्यावर मटण दिलं. प्रज्योत शेजारीच बसला होता.

"बोल हिरो, टिटवीत किती?"

"नऊ पूर्णांक चार, सर. वहीत सहा."

"तीन पूर्णांक चार जादा! कुठनं आलं रे एवढं?"

इथं प्रज्योत गप्प बसू शकला असता. 'माहीत नाही सर' एवढं म्हणाला असता तरी चाललं असतं. पण सर कौतुकानं बघत होते. त्यानं मुठीची सगळी गोष्ट सांगितली. बेचाळीस सेकंद, घोरपडे अण्णा, मूठमाती, सगळं. रंगवून सांगितलं, नकला करून. टेबलावरचे लोक पोट धरून हसले.

सरांनी ताटातली नळी उचलली, ताटावर दोनदा आपटली, तोंडाला लावली आणि सुर्र करून आतला गर ओढला. हनुवटीवर तेलाचा ओघळ. "बघ," ते नळीच्या भोकातून आरपार बघत म्हणाले, "लोक मटण खातात आणि हे टाकून देतात. खरा माल तर इथंच असतो."

प्रज्योतही हसला होता.

दुसऱ्या दिवशी निलोफर सरळ त्याच्या केबिनमध्ये आली. बसली नाही.

"पज्या, ते इंधन काढू नका."

"अगं, सहा किलो ठेवतोयच की. कायद्यात बसतंय."

"मूठ तशी काढायची नसते."

"का? एक कारण सांग. गणितातलं."

मग तिनं त्याच्यासमोरच घोरपडे अण्णांना फोन लावला, स्पीकरवर. अण्णा निवृत्त होऊन कवठे महांकाळला द्राक्षाची बाग बघत होते.

"अण्णा, मूठ तीन किलोच्या वर का ठेवायची?"

"ठेवायची म्हणून ठेवायची की गं पोरी. आमच्या साहेबानं सांगितलं, आम्ही ठेवली. का, काय झालं?"

प्रज्योतनं हात पसरले. बघ, म्हणून.

"निलो, हे म्हणजे मांजर आडवं गेलं म्हणून दहा पावलं मागं जाण्यासारखं झालं. माझ्याकडं चौदा सेन्सर आहेत. तुझ्याकडं अण्णा आहेत."

"तुला शिकवलं तेव्हा माझ्याकडंबी काही नव्हतं," ती म्हणाली. "नुस्ता अंदाज होता की हा पोरगा बरा निघंल."

दार न आपटता गेली. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

इंधन काढण्याआधी एक प्रमाणपत्र भरावं लागतं. सतरा प्रश्न, प्रत्येकापुढं चौकोन. नववा प्रश्न असा, 'उर्वरित इंधन पूर्णतः वापरण्याजोगे आहे काय?' प्रज्योतनं खूण केली. इतर सोळा चौकोनांत केली तशीच. सतराही खुणांना मिळून मिनिटभरसुद्धा लागलं नसेल.

गोचीड टिटवीला चिकटताना कॅमेऱ्याचं चित्र खाली दिसत होतं. सोळा वर्षांच्या उन्हानं टिटवीचं सोनेरी वेष्टण करपून चहासारखं झालेलं, जागोजागी सुरकुतलेलं. गोचिडाचे चार पाय तिच्या पोटाला रुतले. नळी पुढं आली, भोक चाचपडलं, आत शिरली. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा चढत होता. शून्य पूर्णांक पाच. एक पूर्णांक दोन. मागं कुणीतरी "पी राजा पी" म्हणालं आणि हशा पिकला. प्रज्योतच्या गावाकडं म्हशीच्या कासेजवळून गोचिडी काढून दगडावर ठेचतात, फट्ट आवाज येतो. त्याला एकदम तो आवाज ऐकू आल्यासारखं झालं. पण त्यानं पाहणं थांबवलं नाही, आणि आकडा तीन पूर्णांक चारवर थांबला तेव्हा इतरांबरोबर टाळीही वाजवली.

टिटवीचा निरोप दहा दिवसांनी, सकाळी अकराला. केंद्रात एक रीत आहे. ज्या दिवशी उपग्रह वर जायचा त्या दिवशी मोकळी असलेली सगळी माणसं खांदेकऱ्याच्या मागं येऊन उभी राहतात. बोलत नाहीत. प्रज्योतही गेला, पण दाराशी थांबला.

तीनशे किलोमीटर चढायचं काम दोन हिश्श्यांत होतं. आधी वाटेच्या एका बाजूला इंजिन चालवायचं, म्हणजे समोरची बाजू उचलली जाते. मग बारा तासांनी त्या उचललेल्या बाजूला पोचलं की परत चालवायचं, म्हणजे पहिली बाजूही वर येते आणि वाट परत गोल होते. निलोफरनं पहिला हिस्सा चोख पार पाडला. समोरची बाजू बरोब्बर तीनशेवर. तिच्या हिशेबानं टाकीत अजून तीन किलो होतं. रात्री अकराचा दुसरा हिस्सा सुरू झाला तेव्हा प्रज्योत घरी झोपला होता. त्याला सकाळी कळलं.

इंजिनाला ठसका लागला. चार सेकंद चाललं, खोकलं, दोन सेकंद चाललं, बंद. नळीतून इंधनाऐवजी इंधनाला ढकलणारा दाबाचा वायू आला होता. निलोफरनं टिटवीला हळूच गरगर फिरवून बघितलं, टाकी तापवून बघितली, पहाटेपर्यंत जे सुचेल ते केलं. काही नाही. प्रज्योतनं धावत जाऊन आपल्या पद्धतीनं टाकी मोजली. तीन किलो. दोनशे ग्रॅम इकडंतिकडं.

म्हणजे इंधन होतं. बाहेर येत नव्हतं.

आता त्याला कळलं. उकिडवं बसून मावशींच्या सिलिंडरकडं बघताना जे सुचायला हवं होतं ते आता सुचलं. सिलिंडरमधला शेवटचा गॅस काढायला आई तो आडवा करायची. का, तर आत असणं वेगळं आणि शेगडीपर्यंत येणं वेगळं. वर तर आडवं-उभं काहीच नाही. वजन नसलेलं इंधन तळाशी जमत नाही, ते टाकीच्या भिंतींना, सांध्यांना, कोपऱ्यांना चिकटून बसतं, जसं तेलाच्या बरणीला आतून लागून राहतं. आतल्या पातळ पट्ट्या त्याला ओढून तोंडापर्यंत आणतात, पण इंधन फार कमी झालं की त्या पट्ट्याच कोरड्या पडतात. टिटवीच्या पिढीच्या टाक्यांत असं तीन किलो अडकून राहत होतं. कुण्या जुन्या साहेबाला हे कधीतरी ठसका लागूनच कळलं असणार. त्यानं कारण लिहून ठेवलं नाही, नुसतं सांगितलं, मूठ ठेवा. कारण विसरलं गेलं. मूठ राहिली.

नऊ पूर्णांक चारातले तीन कधीच कामाचे नव्हते. जे कामाचे होते त्यातलेच तीन पूर्णांक चार गोचीड प्यायलं.

आता टिटवीची वाट लंबगोल झालीय. एक बाजू तीनशे किलोमीटर वर, दुसरी बाजू बरोबर त्या ओळीत, जिथं साऱ्या जगाचे उपग्रह रांगेनं बसलेत. रोज एकदा ती त्या ओळीतून आरपार जाते. आणि रोज जवळपास दोन अंश पश्चिमेला सरकते. म्हणजे साधारण सहा महिन्यांत सगळ्या पृथ्वीभोवतीच्या रांगेतून, एकेकाच्या दारावरून, बाराशे किलोचं मुकं धूड फिरून परत येणार. हे पाच-पन्नास वर्षं नाही. तिथं हवा नाही, घासायला काही नाही. ते फिरतच राहणार.

तिसऱ्या दिवशी राजवर्धन सरांनी त्याला बोलावलं. टेबलावर चौकशी समितीसाठीचा कागद तयार होता. वाचायला सोपा, छान मोठ्या अक्षरांत. इंधन काढून घेतल्यावर टाकीत सहा किलो होतं, हे मोजमाप अचूक. उपग्रह वर नेताना उत्तरदायी अधिकाऱ्यानं पहिल्या टप्प्यात इंजिन 'अवाजवी' चालवलं. खाली सहीची जागा.

"अवाजवी म्हणजे, सर?"

"म्हणजे जास्त. मोजमाप तुझं अचूकच आहे ना?"

"अचूक आहे. पण..."

"मग तुला काय अडचण आहे? तू खोटं काही लिहीत नाहीयेस. सहा होतं, सहा लिहितोयस. पुढचं काय व्हायचं ते समिती बघेल."

"निलोफरचा परवाना जाईल, सर. कायमचा. तिनं एक सेकंदसुद्धा जास्त चालवलेलं नाही."

"तिचा जाईल, नाहीतर तुझा जाईल." सर आपुलकीनं पुढं वाकले. "तिच्याकडं डिग्री आहे, ती कॉलेजात शिकवेल कुठंतरी. तुझ्याकडं काय आहे? बारावी. आज बाहेर पडलास तर परत ग्रीस लावशील. मी तुला पोरासारखं मानतो म्हणून सांगतो. आपली पद्धत टिकली पाहिजे रे. जगात नाव आहे तिचं."

आणि इथं खरं सांगायचं तर प्रज्योतनं पेन उचललं. टोपण काढलं. नावाचं पहिलं अक्षर लिहिलंसुद्धा. 'पोरासारखं' या शब्दानं तो आतून मऊ झाला होता. मग सरांनी समाधानानं दातात अडकलेलं काहीतरी जिभेनं ओढलं, चक्‌ असा ओला आवाज झाला, आणि प्रज्योतला मळमळलं. खरोखर मळमळलं. तो उठून बेसिनकडं गेला आणि सकाळचे पोहे बाहेर आले. आरशात तोंड बघितलं. सर जसे दिसतात त्याहून हे तोंड काही फार वेगळं नव्हतं. सर निदान जे करत होते ते समजून करत होते. यानं नुसत्या शाबासकीवर सगळं विकलं होतं.

परत येऊन त्यानं तो कागद घडी करून खिशात घातला.

"अरे, सही?"

"समितीसमोर करतो, सर."

समिती पुढच्या आठवड्यात केंद्राच्याच सभागृहात बसली. तीन माणसं, एक पाण्याचा जग, भिंतीवर टिटवीच्या वाटेचा नकाशा. निलोफर पहिल्या रांगेत, हिरव्या ओढणीत, मांडीवर वही. सोळा वर्षांची खरी वही, मुठीसकट. खोटं लिहिल्याचा पुरावा तिनं स्वतःच्या हातानं आणला होता.

अध्यक्षांनी विचारलं, "मेटकरी, तुमचं मोजमाप चुकलं का?"

"मोजमाप बरोबर आहे. मी चुकलो."

"म्हणजे?"

"टाकीत किती आहे ते मी मोजलं. त्यातलं बाहेर किती येईल ते मला मोजता येत नव्हतं, आणि येत नाही हेही माझ्या डोक्यात आलं नाही. नवव्या प्रश्नापुढची खूण माझी आहे. न वाचता केलेली आहे. निलोफर अत्तारांनी मला आधी सांगितलं होतं, मी त्यांची चेष्टा केली. मुठीची गोष्ट कंपनीला मीच सांगितली. मटण खाता खाता." त्यानं खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला. "आणि हे मला सही करायला दिलेलं. यात 'प्र' माझा आहे. तेवढं लिहिलं होतं मी, मग उठून ओकलो."

मागं राजवर्धन सर उठून बाहेर गेले. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"तुमचा परवाना जाईल, कल्पना आहे ना?"

"आहे."

दुपारी दोनला निकाल सांगितला. निलोफरला वहीतल्या खोट्या सेकंदांबद्दल ताकीद, परवाना कायम. प्रज्योतचा परवाना रद्द, पुन्हा परीक्षेला बसायला बंदी. कंपनीची वेगळी चौकशी होणार, कधी ते माहीत नाही. गोचीड तोवर चालूच राहणार, करार झालेले आहेत.

बाहेर डिशांच्या सावलीत निलोफर कठड्यावर बसली होती. प्रज्योत चार हात लांब उभा राहिला.

"बस," ती म्हणाली.

बसला.

"माफ केलंय असं समजू नगंस."

"नाही समजत."

"तू आत खरं बोललास, ते मला दिसलं. पण तेवढ्यावर सुटलास असं वाटत असलं तर परत एकदा जाऊन ओक." ती नकाशाच्या दिशेनं, म्हणजे सभागृहाच्या भिंतीकडं बघत होती. "टिटवी गेली हातातनं. ती आता मी मरंपर्यंत फिरणार आणि माझी नातवंडं मरंपर्यंत फिरणार. पण अजून अकरा हैत ना रे?"

"हो. अकरा."

"त्यांच्या खांदेकऱ्यांना ठाऊक हाय का, की त्यांच्या टाकीतलं निम्मं बाहेर येईल आणि निम्मं नाय?"

"नाही. त्यांच्याकडं माझं प्रमाणपत्र आहे. त्यात सगळं ठीक आहे."

"पहिला कधी निघणार?"

"पुढच्या महिन्याच्या वीसला."

निलोफरनं बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "आत्ता इंधन परत घातलं तर अकराही चढतील. नाय घातलं तर अकरा टिटव्या. कंपनी काय स्वतःहून सांगणार नाय. समितीचं पत्र जाईस्तोवर वीस तारीख होऊन जाईल."

"मेल टाकतो आज."

"मेल टाकतो म्हणे! कुणाचा मेल? परवाना गेलेल्या माणसाचा?" तिनं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं. "तुझ्या त्या साहेबाचा एक फोन आला, 'अरे बाळा' म्हणाला, की तू लोण्यासारखा वितळशील. मला ठाऊक हाईस तू."

खरंच होतं ते.

"निलो," तो म्हणाला, "मेल नाही. शब्द देतो. अकराही जणांना मी स्वतः जाऊन भेटतो, वीसच्या आत. अहमदाबाद, शिलाँग, कोलंबो, जिथं असतील तिथं. दारात उभं करणार नाहीत, तर दाराबाहेर उभा राहीन. आणि आत गेल्यावर नमस्कार-चमत्काराच्या आधी पहिलं वाक्य हेच बोलेन, की तुमची टाकी ज्यानं मोजली तो मी, आणि मी तुम्हाला फसवलं."